भिंतीकडचे पान

रोशनी सिडाम आता इथे चांगलीच रुळली आहे, असे तिच्या शाळेतल्या सगळ्यांचे मत होते, आणि ते खोटे म्हणता आले नसते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा बंदराच्या गावात गणित शिकवायला येऊन तिला वर्ष पुरे झाले होते. पहिल्या वर्षी मुलांचे उच्चार तिला कळत नसत, हिवाळ्यात दुपारीच उतरणाऱ्या अंधाराने जीव घाबरा होई, आणि खोलीवर आल्यावर रडू येई. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात शाळा उघडली तेव्हा तिच्या विभागातला एक शिक्षक सोडून गेलेला होता. त्याचे दोन वर्ग तिच्याकडे आले. मोठ्या परीक्षेला बसणारी अकरावी आली, सकाळी फाटकाशी पिवळे जाकीट घालून उभे राहण्याची पाळी आली, शाळा सुटल्यावर शिक्षा म्हणून थांबवलेल्या मुलांपाशी बसणे आले, आणि पिशवीत भरून घरी न्यायच्या वह्या आल्या. ती हे सगळे बिनचूक करी. उच्चार कळू लागले होते, अंधाराचे काही वाटेनासे झाले होते, आणि रडू येत नव्हते. विभागप्रमुख बाईंनी एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, या वर्षी तू किती शांत दिसतेस. रोशनीने आभार मानले. खांद्यावरच्या हाताचे वजन तिला कळले, आणि तो उचलला गेला तेही कळले.

त्या पहिल्याच वर्षाच्या जानेवारीत तिचे वडील कोलू सिडाम आपल्या गावी वारले होते. गाव गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेऱ्यापासून आत जंगलाच्या कडेला. तिथे गेलेल्या माणसाला फार वेळ ठेवत नाहीत. रोशनी विमानाचे तिकीट शोधत असतानाच धाकट्या भावाचा, लोकेशचा, फोन आला की माती दिली. मग तिने तिकीट काढले नाही. दुसऱ्या दिवशी सराव परीक्षा होती. ती घ्यायला ती गेली.

सिडामांच्या घरात हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान हाती आला की नवा खाण्याची रीत होती. त्याआधी नव्या धानाचा दाणा कुणी तोंडात घालत नसे. आतल्या खोलीत घरचा कर्ता पुरुष मोहाच्या पानांवर नव्या भाताचे वाटे मांडी. भिंतीकडची ओळ घरातल्या गेलेल्या माणसांची आणि चुलीकडची जित्यांची. जो जिता आहे पण परगावी आहे, त्याचे पान भुईवर ठेवायचेच नाही. ते आईच्या मांडीवर द्यायचे आणि आईने त्याच्या नावाने खायचे. रोशनी पहिल्यांदा गेली त्या साली तिचे पान कोलूने स्वतः तिच्या आईच्या, बुधरीच्या, मांडीवर ठेवले होते, आणि मायने ते खाल्ल्याचे फोनवर सांगितले होते.

यंदा कर्ता लोकेश, आणि वाढायला त्याची बायको निशा. तो भाड्याचा ट्रॅक्टर चालवी, हात चांगला बसलेला होता, पण हे काम त्याने कधी केले नव्हते. बहिणीला सगळे दिसावे म्हणून त्याने डाव्या हातात मोबाइल धरला आणि उजव्या हाताने पाने मांडायला घेतली. इंग्लंडात तेव्हा उजाडायचे होते. रोशनी ओट्याशी उभी राहून डबा भरत होती आणि समोर टेकवलेल्या फोनकडे पाहत होती. वडिलांचे पान भिंतीकडे गेले. ते तिला नीट दिसावे म्हणून लोकेशने मोबाइल तिकडे वळवला, आणि त्या धांदलीत पुढचे पानही त्याने वडिलांच्या पानाशेजारी टेकवले.

"हे रोशनीबाईचं," तो म्हणाला.

चूक झाली हे रोशनीला त्या खोलीतल्या बहुतेकांच्या आधी कळले. तिने नुसते 'अरे' म्हटले असते तरी लोकेशचा हात मागे आला असता. तिच्या मनात आले, ठीकच ठेवले. एवढेच आले. मग तिने डब्याचे झाकण लावले, बस चुकेल म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचे तिला तुकड्यातुकड्याने कळत गेले. भुईवर टेकलेले पान घरातल्या कुणाला उचलता येत नव्हते, आणि माय नवा खायला तयार नव्हती. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी, वह्यांच्या ढिगाऱ्यामागून, तिने लोकेशला फोन लावला.

"आंबील पिऊन राह्यली," लोकेश म्हणाला. "जुना तांदूळ होता तोवर जमलं. आता कणगी झाडली. घरात सगळा नवा."

"अन् रेशनचा?"

"म्हणते, थो कोणाचा नवा हाय कोणाले ठाव. सुकलू भूमया आला होता. म्हणे एक कोंबडं द्या, मी पान उचलतो, सोपं काम हाय. तर मायच नाई म्हणाली. जिचं पान हाय तिनंच येऊन उचलाव."

"तू समजाव न तिले."

"मी? मी तर घरात चोर होऊन बसलो, बाई. निशा बी वाढताना ताट आपटते. पोलकं पहाय मायचं, खुंटीवर टांगल्यावानी दिसते."

रोशनीने ऑक्टोबरअखेरच्या आठवडाभराच्या सुटीचे तिकीट काढले. विभागप्रमुख बाईंना आई आजारी असल्याचे सांगितले. इंग्रजीत ते एका वाक्यात बसले.

आष्टीच्या स्टँडवर लोकेश मोटारसायकल घेऊन उभा होता. बहिणीला पाहताच तो हसला, मग हसू आवरले.

"गोरी नाई झाली तू काही," तो म्हणाला. "निशा म्हणत होती गोरी होऊन येईन."

"ऊन नाही तिथे. पाऊसच असतो."

"मंग तर गोरी व्हाले पाहिजे."

ती मागे बसली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भारी धान उभा होता, वरून पिवळा, बुडाशी अजून हिरवा. बंगाली निर्वासितांच्या कॅम्पाच्या तिठ्यावर लोकेशने थांबून मासळी घेतली. विकणारी बाई बंगालीत भाव सांगे, तो आपल्या झाडी बोलीत घासाघीस करी, आणि दोघांचेही हसण्यावर येऊन मिटले. मासळी मायसाठीच घेतली होती. भाताशिवाय ती कशी खाणार, हे पिशवी हँडलला अडकवल्यावर त्याला आठवले. रोशनीने सगळे पाहिले. पीक चांगले होते, रस्ता नवा होता. एखाद्या मुलाच्या वहीतले बरोबर उत्तर पाहावे तसे तिने ते पाहिले आणि पुढे सोडून दिले.

माय पडवीत बसली होती. तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"आली?"

"आली."

"पाय धू."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकलू भूमया आला. भूमया म्हणजे गावचा पुजारी; पूजा आणि पंडुमे, म्हणजे सणवार, करणारा हा म्हातारा वन खात्यात रोजंदारीवर असलेल्या मुलाची खाकी टोपी घाली आणि ती देवापुढेही काढत नसे. त्याच्यामागे रोशनीची आत्या रुखमा आली. तिला कुणी बोलावले नव्हते.

"मास्तरीणबाई आल्या म्हणतात," रुखमाने दारातूनच आवाज दिला. "कुठी हाय? मले तर एक सुकलेली पोट्टी दिसून राह्यली."

"बस, आत्या."

"बसतो. आमच्या घरच्या पोरीले जितीपणी भिंतीशी लावलं, अन् मी उभी राहू?"

लोकेशने मान खाली घातली.

आतल्या खोलीत भिंतीशी एक टोपली पालथी घातलेली होती. भूमयाने ती काढली. पान वाळून तपकिरी झाले होते, कडा वर वळल्या होत्या. भाताचे खडे झाले होते आणि बराचसा मुंग्यांनी नेला होता.

"बरंच राह्यलं," भूमया समाधानाने म्हणाला. "मुंगळे लागले असते तर काहीच नसतं राह्यलं. बस बाई, इथी. भिंतीकडे तोंड कर."

रोशनी मांडी घालून बसली.

"आता भिंतीकडच्या यायले सांग. तू कुठी होती, काय करत होती. उठल्यापासून निजेपर्यंत सगळं. मेलेल्या माणसाले काम नसते. तुले काम हाय, हे यायले पटलं पाहिजे. मंगच पान सोडतेत."

रोशनीने गोंडीत सुरुवात केली, पण टाइमटेबल आडवे आले आणि ती मराठीवर उतरली.

"पहाटे पाचला उठतो," ती म्हणाली.

"पाचले तर आमची बकरी बी उठते," रुखमा म्हणाली. "पुढं?"

"बसनं शाळेत जातो. फाटकावर उभी राहतो, पिवळं जाकीट घालून."

"काऊन? चौकीदार नाई का त्याइच्याकडे?"

"हाय. तरी मास्तरची पाळी असते. मंग पोरांची हजेरी. मंग गणित. एक वर्ग गेला की दुसरा येते, बसायले भेटत नाही."

"मारते का पोट्ट्याइले?" भूमयाने विचारले.

"नाही. मारता येत नाही तिथे."

"मंग ऐकतेत कसे?"

"ऐकत नाहीत."

निशा दारात तोंडाला पदर लावून हसली. भूमयाही हसला, मग भिंतीकडे पाहून त्याने टोपी सारखी केली. "हे चांगलं सांगितलं. हे त्याइले पटन. जेवन?"

"उभ्यानं पाव खातो. रविवारी भात."

"कोनाचा भात? नवा का जुना?"

रोशनीने विचार केला. दुकानातल्या पिशवीवर ते लिहिलेले नसे. "कळत नाही, भाऊ."

"मंग तो धरत नाई," भूमया गंभीरपणे म्हणाला. "पुढं सांग."

"शाळा सुटली की शिक्षा झालेल्या पोरांपाशी बसतो. घरी वह्या नेतो, तपासतो. दुसऱ्या दिवशीचं काढून ठेवतो. निजतो. पाचला उठतो."

"अन् मंग?"

"मंग तेच."

एकसारख्या आवाजात ती हे सांगत होती, पालकसभेत मुलांची प्रगती सांगावी तशी. सांगता सांगता तिला जाणवले की यातले एकही वाक्य खोटे नाही आणि एकाही वाक्यात ती नाही. फाटकावर जाकीट उभे होते. वह्या तपासल्या जात होत्या. भूमयाने पानाकडे हात नेला.

"थांबा भाऊ," चुलीकडून बुधरी म्हणाली. सकाळपासूनचे तिचे हे पहिलेच बोलणे होते. "एक राह्यलं. बाप गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी काय केलं, ते बी सांगू दे."

रोशनी भिंतीकडे पाहत राहिली. "परीक्षा होती. परीक्षा घेतली."

"रडली?"

"नाही."

बुधरी उठली. भिंत आणि मुलगी यांच्या मधे, जिथे बसू नये तिथे येऊन बसली. भूमयाने पानाकडे नेलेला हात मागे घेतला.

"पानाची चूक या लेकराच्या हातून झाली," बुधरीने लोकेशकडे न पाहता म्हटले. "तवा सगळे पानाकडं पाहून राह्यले होते. मी मोबाईलात तुझं तोंड पाहून राह्यली होती. तुले दिसलं. दिसलं का नाई?"

"दिसलं."

"अन् तू बोलली नाई."

"नाही."

"म्हणून मी खाल्लं नाई. पान तं भूमया भाऊनं उचललं असतं कोंबड्यावर. त्याचं काय." तिने पदर दोन्ही हातांनी धरला होता. "तुझ्यासाठी थांबलो नाई आम्ही. तुझ्या बापाले माती देऊन टाकली. तू कवा काही म्हणाली नाई. मले वाटे आज म्हणन, उद्या म्हणन. मंग त्या दिवशी तुझं तोंड पाह्यलं. मले समजलं, पोरीनं घर सोडलं. रागानं सोडलं. सांग इथी, सगळ्याइच्यापुढं. राग हाय न आमच्यावर?"

रोशनीने खरोखरच आत शोधले. हो म्हणणे सोपे झाले असते. राग म्हणजे निदान काहीतरी. मायला तो समजला असता, तिने पाय धरले असते किंवा शिव्या दिल्या असत्या, आणि दुपारपर्यंत सगळे मिटले असते.

"राग नाही, माय."

"मंग काय?"

"मले काहीच वाटून नाई राह्यलं." इतका वेळ तिच्या बोलण्यात शाळेचे वळण मधे मधे डोकावत होते, ते आता गळून पडले होते, आणि ते तिच्या ध्यानातही आले नाही. "बाबा गेले तरी नाई वाटलं. शाळा सुरू झाली, काम वाढलं, तरी नाई. लोक म्हणतात चांगलं करून राह्यली. मी करून राह्यलो. पान भिंतीकडं गेलं, मले दिसलं, अन् मले ते तिथीच ठीक वाटलं."

"असं बोलते का वो यायच्यापुढं!" रुखमा ओरडली.

"बोलू दे," भूमया म्हणाला. "इथी खरंच बोलाच असते."

बुधरीने लेकीच्या तोंडाकडे पाहिले.

"माझ्यावर राग नाई?"

"नाई."

"लोकेशवर?"

"नाई, माय. कोनावर नाई."

बुधरीने पदर सोडला. महिनाभर ती ज्याला भीत होती ते हे नव्हते. जे होते ते तिला नवे नव्हते.

"तुझ्या बापाचं असंच झालतं," ती म्हणाली. "त्याचा मोठा भाऊ नदीत गेला तवा. तुम्ही झाले नव्हते. नागर हाके, बैलाले चारा टाके, वाढलं की जेवे. बोलाव तर हो म्हणे. दोन पावसाळे माणूस घरात नव्हता."

"हे मले कवा नाई सांगितलं," लोकेश म्हणाला.

"तू विचारलं कवा?"

"मंग काय केलं?" रोशनीने विचारले.

"काय कराच? वाढत राह्यलो." बुधरी भिंतीपासून बाजूला सरकली. "उचल आता."

रोशनीने वाळके पान उचलले. ते हातात करकरले. भाताचे खडे तिने तोंडात घातले. ते दाताखाली कडकड वाजले, धुळीसारखे लागले, आणि एक मुंगी असावी, जिभेवर किंचित आंबट काही आले. तिने ते गिळले. भूमयाने तिच्या डोक्यावरून पाणी ओवाळून उंबऱ्याबाहेर टाकले, पुटपुटला, आणि चुलीकडच्या ओळीकडे बोट दाखवून म्हणाला, "आता तिकडं सरक. झालं. त्याइनी सोडली." मग पुढच्या क्षणी, "कोंबडं नाई म्हणता म्हणता माझ्या वाट्याचं बी गेलं," असे म्हणून तो हसला.

"मासळी हाय, भाऊ," निशा म्हणाली. "बसा."

मोहाची ताजी पाने मांडली गेली. निशाने नवा भात वाढला, कालची मासळी वाढली. बुधरीने पहिला घास घेतला तेव्हा सगळ्यांनी दुसरीकडे पाहण्याचे सोंग केले. तो घास तिने खूप वेळ चावला. दुसरा तसाच. तिसऱ्यापासून मात्र तिचा हात थांबेना. मान खाली घालून, कुणाशी न बोलता, भुकेल्या माणसासारखी ती जेवू लागली.

"मीठ नाई का वो यात?" मधेच तिने विचारले.

"नव्यात मीठ टाकत नाईत, माय. तुम्हीच सांगितलं होतं," निशा म्हणाली.

"सांगितलं असन. आता आण."

रुखमा खो खो हसली. लोकेश अजून दाराला पाठ लावून उभाच होता.

"अन् तू काऊन उभा?" बुधरी म्हणाली. "तुले का हळद-कुंकू लावून बोलवाव लागते? बस. पुढच्या वर्षी दोन्ही हात लावजो पानाले."

तो बसला. निशाने त्याच्या पानावर भात टाकला, आणि या वेळी भांडे आपटले नाही.

रोशनी त्यांच्यामध्ये बसली होती. नव्या भाताची वाफ तिच्या तोंडावर येत होती. तो वास तिला ओळखू येत होता, आणि ओळखण्यापुढे काही होत नव्हते. मायचे खांदे घासागणिक हलत होते. मुलीने जेवायचे थांबवल्याचे बुधरीच्या ध्यानात आले.

"कवा जाते?"

"शुक्रवारी."

"सोमवारी शाळा?"

"हो."

"पाचलेच उठाव लागन."

"हो."

बुधरीने भाताचे भांडे स्वतःकडे ओढले आणि पळी भरली. ती पळी हवेत धरून थांबली. रोशनीला भूक नव्हती. तिने आपले पान पुढे सरकवले.